पुलापर्यंतचं लिटर

गिरजानं आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गाडीच्या टाकीतलं डिझेल काढणं. पाडव्याची दुपार होती. मी गाडीखाली पाठीवर पडून टाकीच्या बुडाचा नट सोडत होतो आणि ती बाहेर उकिडवी बसून घमेलं आत सरकवत होती.

"अजून सरकवू का?"

"बस झालं."

"बस झालं म्हनता अन मंग मातीत सांडवता."

डिझेलची धार बारीक होत होत थेंबावर आली. तिनं वाकून टाकीला बोटाच्या पेरानं टकटक केलं, बाजारात टरबूज पाहतात तसं, आणि कान लावला. "खाली झाली. लावा नट," म्हणाली.

मी नट आवळायला लागलो. तिनं घमेल्यातलं डिझेल फडक्यातून गाळून एक लिटर मापात घेतलं, मापावर ताटली झाकली आणि ते ओट्याच्या कोपऱ्यात ठेवलं. बाकीचं डब्यात गेलं. लोकांच्या घरी पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते. आमच्या घरी आधी टाकी रिकामी व्हायची आणि मग ओवाळणं, त्यामुळे माझ्या कपाळावरच्या कुंकवालाही डिझेलचा वास यायचा. हे सारं कशासाठी, तर दुसऱ्या दिवशीच्या भाऊबीजेसाठी. तिच्या सख्ख्या भावावर सूड घ्यायला.

आता मी शिकलेला माणूस नाही. चौथीपर्यंत शाळा, मग बैलं, मग गाडी. लिहायचं कसं ते मला कळत नाही, पण गिरजाबद्दल लोक वाट्टेल ते बोलतात. बाई कजाग होती म्हणतात. होती. पण का होती ते मला माहीत आहे, म्हणून लिहितो.

ती भांडायची नाही. भांडणारी बाई दुसऱ्या दिवशी बोलायला लागते. गिरजा म्हणायची, "मी भांडत नाई. मी याद ठेवतो." आमच्या गावाच्या फाट्यावर एक हॉटेल होतं. आमच्या म्हशीचं दूध तिथं जायचं. एक दिवस हॉटेलवाला चार माणसांत म्हणाला, "वहिनी, दुधात नदी आली काय?" माणसं हसली. गिरजा रिकामी बरणी घेऊन घरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं म्हैसच फाट्यावर नेली. त्या हॉटेलासमोर बांधली, सगळ्यांच्या देखत पिळली आणि फेस उतरायच्या आत ते दूध समोरच्या चहावाल्याला देऊन टाकलं. एक दिवस नाही, म्हैस आटेपर्यंत. हॉटेलवाला शेवटी म्हणाला, "वहिनी, माफ करा, मी मस्करी केलती." ती म्हणाली, "मी कुठं काय म्हनलं? म्हशीले हवा लागली पाह्यजे म्हनून आनतो."

दुसरा किस्सा गाडीतला. मी आर्वी ते वर्धा सवारी गाडी चालवायचो. जुनी पेट्रोलची गाडी होती तेव्हा एका मोठ्या माणसानं खिडकीतून पान थुंकलं आणि दारावर लाल ओघळ आला. मी धुवायला बादली घेतली तर गिरजानं हात धरला. "राहू द्या." ओघळ राहिला. पुढच्या बाजारच्या दिवशी तो माणूस स्टँडवर आला तेव्हा डबा घेऊन आलेली ही तिथंच होती. तिनं अदबीनं तेच दार उघडलं, म्हणाली, "बसा जी. तुमच्या सहीची गाडी हाये." तो गडी दुसऱ्या गाडीनं गेला. घरी येऊन तिनं स्वतःच्या हातानं दार धुतलं आणि चांगल्या जीवानं दोन भाकरी खाल्ल्या.

गाडीतलं तिला काही कळत नव्हतं. गेअर कोणता आणि ब्रेक कोणता, सारखंच. पण डॅशबोर्डवरच्या डिझेलच्या काट्यावर तिचा विश्वास नव्हता. "काटा म्हंजे सासरहून आलेली चिठ्ठी," म्हणायची, "सारं खुशाल हाये असंच लिवलेलं." म्हणून ती टाकीवर टकटक करायची. आणि बहुतेक वेळा तिचंच खरं निघायचं.

तिचा भाऊ पुंडलिक. आई मेली तेव्हा हा रांगत होता, हिनंच कडेवर वाढवला. लग्न होऊन आली तेव्हा त्याला सोबत घेऊन आली आणि मी हो म्हटलं. मोठा झाल्यावर वर्ध्याच्या एका गॅरेजमध्ये लागला, मग वर्ध्याच्या अलीकडं पिपरीत स्वतःचं टाकलं. तेव्हा पिपरीत एवढी घरं नव्हती, शेतं पाडून प्लॉट पडत होते. हात चांगला होता त्याचा. तोंड त्याहून चांगलं होतं. जगात कोणाला भीत नव्हता, एक बाईला सोडून. मोठ्या बहिणीला तो बाई म्हणायचा.

पेट्रोल महाग होत गेलं आणि आमची जुनी गाडी म्हातारी. तेव्हा पुंडलिक एक दिवस नवी गाडी घेऊन दारात आला. म्हणजे वरचं धड नवीसारखं, आणि आत जपानहून आलेलं वापरलेलं डिझेल इंजिन. त्याला टर्बो. टर्बो म्हणजे काय ते त्यानं मला बोनेट उघडून दाखवलं. धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो, तो इंजिनात हवा कोंबतो, तेवढ्याच डिझेलमध्ये जास्त जोर. "भाऊजी, जिल्ह्यात अशी गाडी कोनापाशी नाई. शिटी ऐका फक्त."

त्यानं आम्हाला बसवलं आणि पहाटेच्या मोकळ्या नागपूर रोडवर नेलं. रस्ता रिकामा, गाडी रिकामी, पाय एका जागी धरलेला. टर्बोची शिटी वाजायला लागली. गाडी अशी चालली की मला वाटलं मी इतकी वर्षं बैलबंडीच हाकत होतो.

गिरजा मागे बसली होती. तिनं विचारलं, "मानसं बसली की हेच शिटी वाजन काय रे?"

"वाजन ना, बाई."

"अन अ‍ॅव्हरेज?" हा शब्द ती स्टँडवर शिकली होती. ड्रायव्हर लोकांचं दुसरं बोलणंच नसायचं. लिटरमागे गाडी किती चालते, बस.

पुंडलिक हसला. "तुह्या दारातून निघाली तं माह्या दारात. एका लिटरात. तुह्या गळ्याची आन."

बहिणीच्या गळ्याची शपथ. ही चूक त्यानं करायला नको होती. गिरजाच्या समोर कोणी शपथ घेतली की ती त्या शपथेला दाव्यानं बांधून ठेवायची.

जुनी गाडी गेली. नवी आमच्या रोडवर लागली. आता आमचा रोड तो नागपूर रोड नव्हे. दर फाट्याला कोणीतरी हात दाखवणार. एक उतरणार, तीन चढणार. टपावर कापसाचं गाठोडं, पायात कोंबड्या, पुढं माझ्या बाजूला चौघं. गाडी जरा पळायला लागून पंखा फिरायला लागला की फाटा यायचा. पुन्हा थांबा, पुन्हा पहिल्या गेअरपासून. शिटी वाजायचीच नाही. वाजायची तेव्हा गाडी डिझेल प्यायची, न वाजली तरी प्यायची. जुनीपेक्षा थोडं बरं, पण पुंडलिकनं सांगितलं त्याच्या जवळपासही नाही. रिकाम्या गाडीचं कौतुक करून त्यानं भरलेली गाडी आमच्या गळ्यात मारली.

मी त्याला सांगितलं. मनात धरलं नाही, इंजिन आहे, होतं असं. तो मान हलवून गेला. पण दुसऱ्या दिवशी स्टँडवर ड्रायव्हरांनी त्याला छेडलं, तुझी जपानी नवरी लय पेते म्हणे, तर हा सगळ्यांसमोर म्हणाला, "इंजिन सोनं हाये. आमच्या भाऊजीचा पाय जड हाये, त्याले इंजिन काय करन?"

झालं. त्या दिवसापासून स्टँडवर माझं नाव जडपाय. "अबे जडपाय, तुहा नंबर आला." "जडपाय, पाय घरी ठेवून येत जा." पोरंसोरंही म्हणायची. मी हसायचो. काय करणार? पण मी चप्पल काढून गाडी चालवायला लागलो. वाटायचं, उघड्या पायाला दाब कळेल, थोडं कमी दाबू. पायाला पेडलचे वळ पडले. चढावर मागची गाडी हॉर्न मारायची तरी मी दाबायचो नाही.

एक दिवस गिरजानं ते वळ पाहिले. मी पाय धूत होतो. "हे काय?" मी सांगितलं. तिनं वळांवरून अंगठा फिरवला. टॉवेल दिला आणि आत गेली. मला तेव्हाच कळलं की पुंडलिकचं आता काही खरं नाही.

दिवाळी आली. भाऊबीजेला तो बसनं आला. पांढरा टेरिलिनचा शर्ट, तेल लावून भांग. पाट टाकलेला नव्हता. गिरजा अंगणात ताट घेऊन उभी, ताटात निरांजन, कुंकू, सुपारी, करंज्या. पाट तिनं गाडीच्या डिकीत टाकला होता.

"बाई, ओवाळतं ना?"

"ओवाळतो ना. तुह्या दारात. तू म्हनला होता का नाई? बस."

तिनं त्याच्या डोळ्यांसमोर मापातलं लिटर टाकीत ओतलं. हे माप आमचं दुधाचं जुनं माप होतं. दूध विकणं बंद झाल्यावर तिनं ते डिझेलला लावलं. दुसऱ्याला हात लावू द्यायची नाही. चुलीमागच्या खुंटीला टांगायची, बूड भिंतीकडे करून. मी एकदा उलटं टांगलं तर केवढी चिडली. मला वाटलं, बायकांच्या सवयी असतात.

मी गाडी चालवली, तिघंच आत. गाडी अर्ध्याच्या वर गेली, अजून गेली, आणि नाल्याच्या पुलाजवळ दोन आचके देऊन उभी राहिली. त्या पुलावर चहाची टपरी होती, आणि दिवाळीच्या दिवसांत वर्ध्याला कापूस नेणाऱ्या बंड्यांची रांग. बैल पाणी पीत होते, माणसं चहा पीत होती. गिरजा उतरली. रस्त्याच्या कडेला पाट टाकला. "बस. पूर्वेकडे तोंड कर."

"बाई, इथसा?"

"जिथं तुहं इंजिन थांबलं तिथं."

तो बसला. टोपी नव्हती, डोक्यावर रुमाल घेतला. बंडीवाले उभे राहून पाहायला लागले. तिनं शांतपणे त्याला कुंकू लावलं, ओवाळलं, तोंडात करंजी दिली. करंजी त्याच्या तोंडात असतानाच म्हणाली, "आता हवा काढ."

डिझेलच्या गाडीचं असं असतं. टाकी कोरडी पडली की नळीत हवा शिरते. मग नुसतं डिझेल टाकून भागत नाही, नट सैल करून हातपंप मारत बसावं लागतं, हवेचे बुडबुडे संपून सरळ धार येईपर्यंत. पुंडलिकनं डब्यातलं डिझेल ओतलं, टेरिलिनच्या शर्टात बोनेटखाली वाकला आणि पहिल्याच फटक्यात छातीवर फवारा घेतला. बंडीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

"काय झालं रे पुंडल्या?" तिनं विचारलं. "तुह्या दारापावतर काऊन नाई आली?"

"हवा उलटी होती, बाई."

"बरं. पुढच्या वर्षी हवा पाहून येजो."

तिला एकच वाक्य हवं होतं. इंजिन पितं, भाऊजीचा पाय जड नाही, एवढं त्यानं चार माणसांत म्हणावं. तो म्हणाला नाही. त्याचं गॅरेज त्या इंजिनांवर चाललं होतं. स्वतःच्या तोंडानं कसं म्हणणार?

दुसऱ्या वर्षी ती म्हणाली, "पाय जड हाये ना तुह्या भाऊजीचा? तूच चालव." त्यानं चालवली. अंड्यावर पाय ठेवावा तशी चालवली. मी मागे बसून खिडकीतून वर्षभरात पहिल्यांदा रस्ता पाहिला. गाडी त्याच पुलाशी थांबली, वीतभर इकडं नाही, वीतभर तिकडं नाही. मी म्हटलं, आता तरी बोलेल. पाटावर बसून तो म्हणतो, "बाई, गाडीले भाऊजीची सवय लागली."

गिरजानं त्याच्या तोंडात करंजी अशी कोंबली की अर्धी बाहेर आली.

पुढं टायरची हवा, मग डिझेलमध्ये भेसळ, मग रस्ता चढाचा. दरवर्षी नवं. दरवर्षी तोच पूल, तोच पाट. चहावाला तिसऱ्या वर्षीपासून बाक झाडून ठेवायचा. मी एकदा म्हटलं, "सोड ना गिरजा. मले आता जडपाय म्हनलं तं ओ देऊ वाटते." तिनं माझ्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुमी ओ देता, म्हनूनच सोडत नाई."

आणि पुंडलिक यायचा. हे मला कधी कळलं नाही. काही कारण काढून टाळता आलं असतं. पण भाऊबीजेच्या सकाळी पांढरा शर्ट घालून दारात हजर. मला वाटायचं, निर्लज्ज आहे.

त्या पाडव्याला मी नट आवळत असताना ती म्हणाली, "छातीत कसंतरीच हून राह्यलं." मी म्हटलं, पाणी पी. चाकाला टेकून बसली. मी गाडीखालून बाहेर येईस्तोवर संपलं होतं. टाकी खाली होती म्हणून दवाखान्यात नेता आलं नाही असं काही लोक म्हणतात. त्यांना सांगतो, टाकी काठोकाठ असती तरी तेवढा वेळ तिनं दिलाच नाही.

पुंडलिक दिवस बुडायच्या आत आला. हिंगणघाटहून आमची मुलगी आली. नाल्याकाठी अग्नी दिला. पुंडलिक लहान पोरासारखा रडला, जमिनीवर डोकं आपटलं. सगळं गाव होतं, स्टँडवरचे ड्रायव्हर होते. मी वाट पाहत होतो. मला वाटलं, आता बोलेल. तिच्यासमोर बोलायची ही शेवटची वेळ आहे. ज्याचं तोंड नागपूर रोडवर एवढं चाललं, ते इथं चालेना. लाकडं पेटली, कोसळली, तो नुसता रडत राहिला. तेव्हा माझ्या पोटात जे पेटलं ते अजून विझलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. सुतकात कसली आली भाऊबीज? घरात चार बाया बसलेल्या, मुलगी भिंतीला टेकून. पुंडलिक ओट्यावर घोंगडी घेऊन बसला होता. मी तोंड धुतलं आणि कोपऱ्यात पाहिलं. ताटली झाकलेलं माप जसंच्या तसं होतं.

मी ते उचललं. ते एकदाचं टांगणं सोडलं तर गिरजानं मला त्याला कधी हात लावू दिला नव्हता. खालून हात लावला आणि माझी बोटं आत गेली. बूड खालून आत ठोकलेलं होतं. चांगलं खोल, वाटीभर. वरवंट्याचे घाव बोटाला लागत होते.

म्हणजे ते लिटर लिटर नव्हतंच. पूर्ण लिटर असतं तरी गाडी पुंडलिकच्या दारात गेली नसती, हे मला ड्रायव्हर म्हणून माहीत आहे. पिपरीच्या अलीकडं, शेतात कुठंतरी थांबली असती. पण तिथं टपरी नव्हती. तिथं बंड्या नव्हत्या. तिला ती पुलावरच थांबायला हवी होती. जिनं दुधात कधी थेंब पाणी घातलं नाही, जिनं पाण्याच्या आळापायी म्हैस रस्त्यावर पिळली, तिनं माझ्या पायासाठी माप ठोकलं.

डबा शेजारीच होता. वाटीभर डिझेल वर टाकता आलं असतं. मी टाकलं नाही. मापातलं टाकीत ओतलं, माप सीटवर ठेवलं आणि पुंडलिकला म्हटलं, "बस."

"भाऊजी, आज?"

"बस."

बायांपैकी कोणीतरी म्हणालं, अगं बाई, सुतकात कुठं चालले? मी दार उघडून धरलं. पुंडलिक बसला.

मी चप्पल घालून चालवली. गाडी पुलाशी आचके देऊन थांबली. नेहमीपेक्षा फार लवकर आलो होतो, टपरी अजून उघडली नव्हती, बंड्या आल्या नव्हत्या. आम्ही दोघंच. पुंडलिक उतरला, मागे गेला, डिकी उघडली. डिकीत पाट होता, तिनं आदल्या दिवशीच टाकून ठेवलेला. त्यानं तो काढला, नेहमीच्या जागी टाकला, पूर्वेकडे तोंड करून बसला आणि डोक्यावर रुमाल घेतला.

मी बोनेटला टेकून उभा होतो.

तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "भाऊजी, माप ठोकलेलं हाये. मले पहिल्याच वर्षी दिसलं. पत्र्याचं काम करतो मी, मले नाई दिसन काय?"

"मंग बोलला काऊन नाई?"

"काय बोलू? तिचं माप खोटं म्हनायचं तं माहं इंजिन खरं पाह्यजे होतं ना."

"मले काऊन सांगतं?" मी म्हटलं. "जिले ऐकायचं होतं ते गेली. मले सांगून काय मोठेपना करतं?"

तेवढ्यात मागून एक बंडी आली. लांबच्या गावची, ओळखीची नव्हती. बंडीवाल्यानं बैल थांबवले. एक माणूस रस्त्याच्या कडेला पाटावर बसला आहे, दुसरा उभा आहे, हे पाहून विचारलं, "काय झालं भाऊ? गाडी बिघडली काय?"

पुंडलिक पाटावर बसल्या बसल्या मोठ्यानं बोलला, स्टँडवर बोलायचा तेवढ्याच मोठ्यानं. "गाडी पेते. इंजिन म्या खोटं सांगून देल्लं. आमच्या भाऊजीचा पाय जड नाई."

बंडीवाल्यानं त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या पायाकडे पाहिलं. "बरं बाप्पा," म्हणाला आणि बैलांना काठी लावली.

पुंडलिक तसाच बसून राहिला. डोळे मिटलेले, कपाळ थोडं पुढं केलेलं, ती कुंकू लावायची तेव्हा करायचा तसं. गिरजा असती तर तिनं कुंकू लावलं असतं. करंजीही दिली असती. माफ करायचं का नाही ते तिचं तिनं ठरवलं असतं. मी काय म्हणून ठरवू?

"डबा कुठं हाये, भाऊजी?" डोळे न उघडता त्यानं विचारलं.

"घरी."

मी सीटवरचं माप घेतलं आणि गावाकडं चालू लागलो. गाडी तिथंच, तो तिथंच, पाटावर. ऊन चढेपर्यंत घरी पोचलो. बाया उठून बाजूला झाल्या. मी चुलीमागं गेलो, माप राखेनं घासून धुतलं, पुसलं आणि खुंटीला टांगलं, बूड भिंतीकडे करून.